दम आहे? मग फुंका!

स्कूबाचा फोटो हल्ली सगळ्यांकडे असतो. पण पाण्यात स्वतःचं स्वतः तरंगता येतं का? मालवणच्या समुद्रात चार दिवस घालवून शिकलेली एक साधी, पण वेळ आली तर जीव वाचवणारी फुंकर.

तुमच्या ऑफिसात असा एक जण असतोच. लाँग वीकेंडला मालवणला जाऊन आलेला आणि सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारा. हिरवट-निळं पाणी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि कॅमेऱ्याकडे बघत बोटांनी केलेला 'ओके'. 'बॉस, काय सांगू तुला, आपण स्कूबा केलं!'

पुढच्या वेळी तो व्हिडिओ जरा नीट बघा. हिरोच्या पाठीवर सिलिंडर आहे आणि त्या सिलिंडरला मागून एका हाताने घट्ट धरलंय. तो हात इन्स्ट्रक्टरचा. खाली किती जायचं, वर कधी यायचं, दगडापासून किती लांब राहायचं, हे सगळं तो हात ठरवतो. हिरोचं काम फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि पोज द्यायची.

यात काही वाईट नाही हं. 'ट्राय डाइव्ह'चा फंडाच तो. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याला वीस मिनिटांत सगळं शिकवता येत नाही. पण मग एक दिवस प्रश्न पडतो, तो हात सुटला तर? आपण वर येऊ की खाली जाऊ? मला हा प्रश्न पडला आणि मी डाइव्हिंगचा पूर्ण कोर्स करायला तारकर्लीला गेले.

कोकणकन्या, कुडाळ आणि ओलं जॅकेट

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं आणि डोळे चोळत चहा मारायचा. तिथून मालवण तासाभराच्या अंतरावर. रस्त्यात काजू, आंबा, लाल माती. मालवणातून पुढे तारकर्ली आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. देवबागला जमीन अगदी चिंचोळी होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांची पट्टी. टोकाला गेलात की नदी आणि समुद्राचा संगम. इथे रेंज गेली तरी कुणाला वाईट वाटत नाही.

ही काही जाहिरात नाही, म्हणून सेंटरचं नाव देत नाही. आमची चौघांची बॅच. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला, कोल्हापूरची बँकेत काम करणारी एक मुलगी, ठाण्याचे एक डॉक्टर आणि मी. शिकवायला तिथलाच, मच्छीमार घरातला एक तिशीतला इन्स्ट्रक्टर. सगळे त्याला 'दादा' म्हणायचे, अगदी पन्नाशीचे डॉक्टरसुद्धा. एरवी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलणारा दादा तापला किंवा खूश झाला की थेट मालवणीत घुसायचा.

पहिल्या सकाळी आमची परीक्षा झाली. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यात नुसतं तरंगत राहणं. मग मेडिकल फॉर्म. दमा आहे का, कानाचं काही दुखणं आहे का, हृदयाचा त्रास आहे का. डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं, 'इथे खोटं लिहू नका. बॉसला पाठवायचा सिक लीव्हचा मेल नाही हा.'

त्यानंतर सामान आलं. पायात फिन्स, डोळ्यांवर मास्क, कमरेला शिशाची वजनं, पाठीवर अॅल्युमिनियमचा सिलिंडर. सिलिंडर पूर्ण भरलेला असला की काटा दोनशे बारवर असतो. तोंडात धरायचा तो रेग्युलेटर. आणि या सगळ्याला एकत्र बांधून ठेवणारं एक जड, ओलं, मिठाचा वास येणारं जॅकेट. त्याचं नाव बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, म्हणजे बीसीडी. पण सगळे त्याला जॅकेटच म्हणतात.

'ह्या जॅकेटाक नीट वळखा,' दादा म्हणाला. 'मासे मगे बघूया.'

बटण दाबा, वर जा!

जॅकेटचं तंत्र ऐकायला सोपं आहे. आत हवेची पिशवी असते. हवा भरली की तुम्ही तरंगता, सोडली की बुडता. समुद्राच्या पाण्यात एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते. कमरेला पाच किलो वजन असेल तर त्याची भरपाई करायला पाच लिटर हवा. गणित संपलं.

डाव्या खांद्यावरून एक जाड, घड्या पडलेली नळी पुढे येते. तिच्या टोकाला दोन बटणं आणि एक छोटं तोंड. यालाच इन्फ्लेटर म्हणतात. एक बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा 'फुस्स' करून जॅकेटमध्ये शिरते. दुसरं बटण दाबलं की जॅकेटमधली हवा बाहेर जाते. झालं, लिफ्टची बटणं. वर आणि खाली.

पण पाण्यातली लिफ्ट जरा विचित्र आहे. रॉबर्ट बॉइल नावाच्या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत घोकला होता. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. बोर्डाच्या परीक्षेनंतर तो पुन्हा कधी भेटेल असं वाटलं नव्हतं, पण तो तारकर्लीला भेटला. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो. म्हणजे दहा मीटरवर जॅकेटमध्ये दोन लिटर हवा असेल, तर तीच हवा वर येईपर्यंत चार लिटर होणार. तुम्ही काही न करता! जसजसे वर याल तसतशी हवा फुगत जाते, हवा फुगली की तुम्ही आणखी जोरात वर जाता आणि आणखी वर गेलात की ती आणखी फुगते. वाटेत हवा सोडली नाही, तर तुम्ही बाटलीच्या बुचासारखे उडता.

हाच नियम फुप्फुसांनाही लागू. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. खाली घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तो आत फुगतो आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यासाठी फार खोल असायलाही लागत नाही, काही फूटही पुरतात. आपण लहानपणी पोहायला शिकताना 'दम रोखून धर' हे ऐकत आलो. इथे बरोबर उलटं. तोंडातून रेग्युलेटर काढलेला असेल तर बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

आणि बटण बंद पडलं तर?

हा प्रश्न पुणेकरानेच विचारला. अर्थात थोडा पुणेरी पद्धतीने. 'दादा, बटण आहे ना? मग तोंडाने फुगवायला शिकायचं कशाला? हे म्हणजे कॅल्क्युलेटर असताना पाढे म्हणण्यासारखं झालं.'

दादा हसला. त्याने इन्फ्लेटरला जोडलेली बारीक नळी बोटांनी मागे ओढली. टक! नळी सुटली. 'दाबा आता बटण.'

पुणेकराने दाबलं. काहीच झालं नाही.

बटण चालतं ते सिलिंडरच्या हवेवर. सिलिंडर संपला की बटण मेलं. नळी निसटली की बटण मेलं. आणि तिसरी गंमत म्हणजे खारं पाणी आणि वाळू. बटणाच्या आत मीठ साचलं की ते कधी कधी दाबलेलंच राहतं आणि हवा आपोआप जॅकेटमध्ये घुसायला लागते. तेव्हा तर नळी आपल्याच हाताने काढावी लागते. म्हणजे पुन्हा बटण गेलंच. तिन्ही वेळेला एकच गोष्ट उरते, आपलं तोंड.

पद्धत अशी आहे. पाण्याखाली असताना रेग्युलेटरमधून एक मोठा श्वास घ्यायचा. उजव्या हाताने रेग्युलेटर तोंडातून काढायचा आणि त्याचं तोंड खालच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर त्यातून हवा भसाभस सुटत राहते. डाव्या हाताने इन्फ्लेटर तोंडाशी आणायचा. त्याच्या तोंडात पाणी भरलेलं असतं, ते आधी छोट्या फुंकरीने घालवायचं. मग हवा सोडायचं बटण दाबून धरायचं आणि फुंकायचं. हो, हवा सोडायचंच बटण! ते दाबलं की झडप उघडते आणि उघड्या झडपेतून हवा बाहेर जाते तशी आतही जाते. फुंकून झालं की आधी बटण सोडायचं आणि मग तोंड काढायचं. हा क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत बुडबुड्यांत जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण श्वास द्यायचा नाही. थोडा मागे ठेवायचा. कारण रेग्युलेटर पुन्हा तोंडात घातल्यावर त्यातलं पाणी बाहेर काढायला तीच शिल्लक फुंकर लागते. छाती रिकामी करून बसलात तर पहिल्या श्वासाला हवेऐवजी पाणी येऊ शकतं. तशा वेळी रेग्युलेटरवरचं बटण दाबूनही पाणी घालवता येतं, पण घाबरलेल्या माणसाला ते बटण आठवेलच असं नाही.

वाचायला एक मिनिट लागलं. करायला माझी अख्खी दुपार गेली.

तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसलो होतो. डोक्यावर दोनच मीटर पाणी, म्हणजे उभं राहून हात वर केला तर बोटं जवळजवळ हवेला लागतील एवढंच. तरीही तोंडातला रेग्युलेटर काढायचा म्हटल्यावर हात हलेना. डोकं सांगतं, सोपं आहे. शरीर म्हणतं, वेडी आहेस का? ज्यातून हवा येतेय तीच वस्तू काढायची, आणि छातीत आहे ती हवा एका जॅकेटला द्यायची? बुद्धीला पटलेली गोष्ट हातापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी कळलं.

बँकेतल्या मुलीला हे सगळ्यात जड गेलं. तीनदा ती अर्ध्यावरून वर आली. एकदा खोकत, एकदा डोळे लाल करून, एकदा नुसतीच मान हलवत. दादा दर वेळी तिच्याबरोबर वर यायचा. आवाज अजिबात चढवायचा नाही. 'ताई, घाई नाही. समुद्र खंय पळान जाणा नाय.' तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा त्याला कळलं काय होतंय ते. फुंकून झाल्यावर ती इन्फ्लेटर तोंडात असतानाच नकळत श्वास आत घेत होती.

'फुकूचा आसा, ओढूचा नाय!' दादा म्हणाला.

यामागचं कारणही त्याने सांगितलं. जॅकेटच्या पिशवीत समुद्राचं पाणी राहतं, ओल राहते, बुरशी आणि जंतू वाढतात. ती हवा छातीत घ्यायची नसते. जॅकेटला द्यायचं, त्याच्याकडून मागायचं नाही. चौथ्यांदा ती खाली गेली आणि दोन फुंकरींत तळावरून हलकेच उचलली गेली. गुडघे सुटले, फिन्सची टोकं सुटली आणि ती पाण्याच्या मधोमध थांबली. ना वर, ना खाली. आम्ही तिघांनी पाण्याखालीच टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज येत नाही, पण दिसतात छान.

आधी फुंकर, मग बटण

संध्याकाळी सोलकढीचा ग्लास हातात घेऊन दादाने सांगितलं, की त्याच्या बाबांना यातलं काहीच नव्हतं. खडकात नांगर अडकला की ते बोटीवरून उडी मारायचे, एका दमात खाली जायचे आणि नांगर सोडवून वर यायचे. 'त्यांचं जॅकेट म्हणजे त्यांची छाती.'

डाइव्हिंगचा इतिहासही तसाच आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी 'अॅक्वालंग' तयार केलं आणि माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळा पोहायला लागला. पण तेव्हाच्या डायव्हरांकडे आजच्यासारखं जॅकेट नव्हतं. वजनांचा अंदाज नेमका ठेवायचा आणि बाकीचं फुप्फुसांवर सांभाळायचं. १९६०च्या दशकात फ्रान्समध्येच मॉरिस फेन्झीचं गळ्यात घालायचं फुगवता येणारं जॅकेट आलं. त्या काळात तोंडाने फुगवायची जॅकेट्सही सर्रास वापरात होती. सिलिंडरच्या हवेवर चालणारं बटण रुळलं ते त्यानंतर. म्हणजे आपण ज्याला 'बॅकअप' म्हणतो, ती खरं तर मूळ पद्धत. बटण नंतर आलं.

पुणेकर यावर काही बोलला नाही. त्याने आणखी एक तळलेला बांगडा मागवला.

किल्ल्यामागचं पाणी

तिसऱ्या दिवशी समुद्र. मालवणच्या जेटीवरून बोट सुटली की समोर सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातलेला, तीन वर्षांत उभा राहिलेला. खाऱ्या समुद्राच्या मधोमध असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. शाळेच्या सहलीला सगळ्यांनी तो आतून पाहिलेला असतो. बोटीतून बघताना त्याची तटबंदी पाण्यातून उगवल्यासारखी वाटते. किल्ल्याच्या आसपासचे खडक पाण्याखालीही पसरलेत आणि त्यांच्यावर मासे आणि प्रवाळ आहेत. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

पाठीमागे उलटी गिरकी घेऊन बोटीतून पाण्यात पडायचं. 'धप्प!' मग दोरीला धरून हळूहळू खाली. कान दुखायच्या आधी नाक दाबून कान मोकळे करायचे. सहा-सात मीटरवर तळ आला.

अंदमानच्या फोटोंशी तुलना करणार असाल तर आधीच सांगते, मालवणचं पाणी काचेसारखं नसतं. चांगला दिवस असेल तर बरंच लांबचं दिसतं, नाहीतर चार-पाच मीटर. पण त्यातच एक मजा आहे. मासे एकदम समोर येतात, धुक्यातून एसटी यावी तसे. पोपटासारख्या चोचीचा पॅरटफिश खडक खरवडत होता, त्याचा 'करकर' आवाज खरंच ऐकू येतो. पट्टेवाल्या छोट्या माशांचा थवा आमच्याभोवती फिरून गेला. कुणीतरी पाव आणला असेल असं त्यांना वाटलं असावं. ट्राय डाइव्हवाल्यांनी त्यांना ती सवय लावलीय आणि ती सवय काही चांगली नाही.

इथे तळाशी बसायला परवानगी नव्हती. खाली प्रवाळ होतं. एका गुडघ्याने वर्षानुवर्षं वाढलेली गोष्ट मोडते. दादाने खूण केली, इन्फ्लेटर तोंडाला. मी श्वास घेतला, रेग्युलेटर काढला, छोटी फुंकर, बटण, मोठी फुंकर, बटण सोडलं, रेग्युलेटर पुन्हा तोंडात. तळ दोन फूट खाली, मी वर. मग लक्षात आलं, की आता जॅकेटला हातही लावायला नको. श्वास आत घेतला की मी इंचभर वर जाते आणि सोडला की इंचभर खाली. छाती हेच बटण झालं होतं.

मागे वळून पाहिलं. माझ्या सिलिंडरवर कुणाचाही हात नव्हता.

फुस्स!

खरी परीक्षा मात्र पाण्याखाली झालीच नाही. ती झाली चौथ्या दिवशी, पृष्ठभागावर. स्कूबाबद्दल बोलताना सगळ्यांना खोलीची भीती वाटते. दादाच्या मते जपायचं असतं ते वर. लाटा तोंडावर येतात, माणूस दमलेला असतो आणि बोट वाटते त्यापेक्षा लांब असते.

त्या दिवशी वारा सुटला होता. आम्ही चौघं पाण्यात उतरून खाली जायची वाट पाहत तरंगत होतो. बोटीपासून तीसेक मीटर लांब आलो असू. तेवढ्यात बँकेतल्या मुलीच्या खांद्यावरून 'फुस्स' असा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. तिने बटणावरून बोट केव्हाच काढलं होतं, पण ते आतच अडकलं होतं. जॅकेट फुगत चाललं. जादा हवा सोडणारी झडप खळखळायला लागली आणि पट्टे छातीवर इतके आवळले की तिला बोलता येईना.

दादा दोन हातांत तिच्यापर्यंत पोहोचला. टक! नळी काढली. आवाज बंद. तिला श्वास घेता यावा म्हणून त्याने जॅकेटमधली हवा सोडली. पण सोडलेली हवा आता परत भरणार कशी? बटण गेलं होतं. हनुवटी पाण्याला टेकली. एक लाट थेट मास्कवर आली.

दादा तिच्या शेजारीच होता, हात पुढे करून. पण त्याने तिला धरलं नाही. फक्त म्हणाला, 'ताई, काल केलंस तसंच.'

पृष्ठभागावरची पद्धत थोडी वेगळी असते. फिन्स मारून डोकं वर काढायचं, मोठा श्वास घ्यायचा, मग शरीर सैल सोडायचं आणि खाली जाता जाता फुंकायचं. पुन्हा फिन्स, पुन्हा श्वास, पुन्हा फुंकर. वर राहायचा हट्ट धरून सतत पाय मारत बसलात तर दम संपतो आणि फुंकायला काही उरत नाही. म्हणजे तरंगण्यासाठी आधी जरासं बुडायला तयार व्हावं लागतं. घाबरलेल्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते.

ती वर आली, श्वास घेतला, खाली गेली. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे हवा आत गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली. हनुवटी पाण्याच्या वर आली, मग गळा, मग खांदे. त्यानंतर ती पाठीवर पडून शांतपणे आभाळाकडे बघत राहिली. बोट वळून आली, बोटीवरच्या पोरांनी हात दिला.

वर चढल्यावर पहिलं वाक्य काय असावं? 'दादा, पाच फुंकरींत झालं.' बँकवाली ना, हिशेब लगेच तयार!

ते जॅकेट त्या दिवसापुरतं बाजूला काढलं गेलं. दुपारी सगळं आटपल्यावर आम्ही निघायच्या तयारीत होतो, तर तलावाच्या कडेला पुणेकर एकटाच उभा. दादाला म्हणत होता, 'ते तोंडाने फुगवायचं... अजून एकदा करून बघू का?'

फोटोपेक्षा जास्त काहीतरी

डाइव्हिंगमधल्या अपघातांच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार आढळलीय. मरण पावलेल्या डायव्हरांपैकी अनेक जण सापडले तेव्हा त्यांच्या कमरेची वजनं तशीच होती आणि जॅकेटमध्ये हवा नव्हती. उपकरण अंगावर होतं. पण भीतीने पछाडलेल्या मेंदूला ते आठवलं नाही. म्हणूनच तो कंटाळवाणा सराव करायचा. डोकं बंद पडलं तरी हाताला माहीत असावं म्हणून.

मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तो अपघात पाण्याखालचा नव्हता, किनाऱ्याकडे येतानाचा होता. म्हणजे डाइव्ह संपली की काळजी संपली, असं नसतं. बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट घाला, कितीही उकडलं तरी. केस विस्कटतील, सेल्फी बिघडेल. बिघडू दे.

आपली सगळी नोकरी बटणांवर चालते. एसी बटणावर, लिफ्ट बटणावर, जेवणसुद्धा बटणावर घरी येतं. बटण चालतंय तोवर त्याच्यामागे काय आहे हे आपण विचारत नाही. चार दिवसांच्या कोर्सने मला मासे दाखवले, प्रवाळ दाखवलं, एक कार्डही दिलं. पण मी सोबत घेऊन आले ती एकच गोष्ट. सगळी बटणं बंद पडली तरी आपल्या छातीत चार-पाच फुंकरींपुरता दम असतो. फक्त तो कसा द्यायचा आणि स्वतःसाठी किती ठेवायचा, हे आधी शिकून ठेवायला हवं.

जाण्याआधी

कसं जाल? कोकण रेल्वेने कुडाळ. तिथून एसटी किंवा रिक्षाने मालवण, पुढे तारकर्ली-देवबाग.

कधी जाल? ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि डाइव्हिंग बंद असतं.

ट्राय डाइव्ह की कोर्स? फक्त चव घ्यायची असेल तर ट्राय डाइव्ह. स्वतः डाइव्ह करायची असेल तर 'ओपन वॉटर' कोर्स. साधारण चार दिवस लागतात आणि त्यानंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. एमटीडीसीने तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षणासाठी खास संस्था उभी केली आहे, शिवाय खासगी सेंटर्सही आहेत.

पाण्यात उतरण्याआधी विचारा: इन्स्ट्रक्टरकडे प्रमाणपत्र आहे का? एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? बोटीवर ऑक्सिजन आणि लाइफ जॅकेट्स आहेत का? जॅकेटचं बटण स्वतः दाबून बघा. सोडल्यावर ते लगेच वर यायला हवं. मग तोंडाने फुगवून बघा, हवा टिकते का ते कळतं.

डाइव्हनंतर: जॅकेट गोड्या पाण्याने धुवा, आतूनसुद्धा. बटणात मीठ राहायला नको. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबा. घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे जाणाऱ्यांनीही घाई करू नये. एक मुक्काम वाढवा.

पाण्याखाली लक्षात ठेवा: अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा होतो. सगळं मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल!

खादाडी: डाइव्हच्या आधी हलकं, घावणे-चटणी पुरे. डाइव्हनंतर मात्र सुरमई थाळी, कोंबडी-वडे आणि सोलकढी. इथे दम राखून ठेवायची गरज नाही.